शौर्याची उशिरा झालेली नोंद



लागणीची नोंद वेळेवर करा, हे आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतो. ऊस कितीही जोमदार असो, गट ऑफिसच्या रजिस्टरला त्याची नोंद नसेल तर तो तोडणीच्या कार्यक्रमात बसत नाही. शेजारच्या फडाला टोळी लागते, गाड्या भरून जातात, आणि आपला ऊस तुरा काढून तसाच उभा राहतो. त्यात बेण्याचा दोष नसतो, खताचा नसतो, पाण्याचाही नसतो. दोष एवढाच, की शेतात असलेला ऊस कागदावर नसतो.

या अंकात मात्र आम्ही उसाविषयी लिहिणार नाही. माणसांच्या नोंदीविषयी लिहिणार आहोत. आपल्या कार्यक्षेत्रातील असे गाव विरळाच, की जिथला एखादा तरी गडी पलटणीत गेला नाही. कोणी हवालदार होऊन आला, कोणी पेन्शन घेऊन मळ्यात राबला, कोणी आलाच नाही. त्यांनी काय केले, काय सोसले, हे किती घरांत सांगता येईल? पदक न मिळालेला, कागदावर न आलेला पराक्रम पुढच्या पिढीला दिसत नाही. हा विषय नीट समजावा म्हणून १९६५ च्या लढाईतील दोन जवानांची हकीकत येथे देत आहोत. एक आपल्याच ऊस पट्ट्यातला, दुसरा कर्नाटकातील कोडगूचा. दोघांचीही दखल घेतली गेली, पण फार उशिरा.

पेठचे मुरलीकांत पेटकर

पेठ (ता. वाळवा, जि. सांगली) हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पुणे-बंगळूर रस्त्याने कोल्हापूरकडे जाताना ते लागतेच. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ साली या गावात झाला. लहानपणापासून अंगात रग होती, कुस्तीचा नाद होता. पुढे ते लष्करात भरती झाले आणि ईएमई, म्हणजे फौजेची वाहने व यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या दलात, कारागीर म्हणून दाखल झाले. तिथे त्यांनी मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवले आणि फौजेच्या सामन्यांत नाव कमावले.

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी लढाई पेटली. देशाचे संरक्षणमंत्री त्या वेळी आपले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते. पेटकर सियालकोट आघाडीवर होते. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच पुष्कळदा सांगितले आहे. हवालदाराने शिट्टी फुंकली. जवानांना वाटले चहाची वेळ झाली, म्हणून ते बाहेर आले. ती शिट्टी शत्रूच्या विमानांचा इशारा देणारी होती. वरून गोळ्यांचा पाऊस पडला. पेटकरांच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या, त्यांतली एक मणक्यात रुतून बसली. कमरेखालचे शरीर लुळे पडले. ऐन विशीतला पैलवान गडी खाटेला खिळला.

मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. हातापायांना व्यायाम मिळावा म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाय चालत नव्हते, पण दंडांत पैलवानाची ताकद होती. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे हळूहळू शर्यतीचे पोहणे झाले. १९६८ साली तेल अवीव येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, जिला आज पॅरालिम्पिक म्हणतात, ते टेबल टेनिस खेळले. अशा खेळाडूंना परदेशी पाठवायला त्या काळी कोण पैसे देणार? क्रिकेटचे नामवंत खेळाडू विजय मर्चंट यांच्या संस्थेने तिकिटाच्या खर्चाला हातभार लावला.

मग आले १९७२ साल. पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले. सुवर्णपदक मिळवले आणि तेही जागतिक विक्रमासह. पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. हे केवढे मोठे काम होते, ते एका गोष्टीवरून ध्यानात येईल. त्याच वर्षी म्युनिक ऑलिम्पिकमधून सबंध भारतीय पथक एकच पदक घेऊन परतले, ते हॉकीचे कांस्य. धडधाकट खेळाडूंपैकी कुणा भारतीयाला ऑलिम्पिकचे वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

आता सांगा, १९७२ साली पेठच्या या माणसाची हत्तीवरून मिरवणूक निघायला हवी होती की नाही? तसे काही झाले नाही. ते पुण्यास टेल्कोत नोकरी करू लागले, चारचौघांसारखा संसार केला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली, ती मान्य झाली नाही. विक्रमाची नोंद जर्मनीतल्या निकालपत्रकात होती, ती कोणी पुसलेली नव्हती. पण आपल्याकडच्या वहीत तिला ओळ मिळाली नव्हती.

ती ओळ मिळाली २०१८ साली. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी! २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि पोराबाळांच्या तोंडी त्यांचे नाव आले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांचे वय होते ८० वर्षे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अर्जुन पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा १९८४ साली त्यांचे निधन होऊन बरीच वर्षे लोटली होती. पेटकरांनी निदान स्वतःच्या हाताने पुरस्कार घेतला, एवढेच समाधान.

कोडगूचे स्क्वाड्रन लीडर देवय्या

दुसरी हकीकत त्याच लढाईतली, त्याच महिन्यातली. कॉफीच्या मळ्यांसाठी आणि फौजेला माणसे देण्यासाठी प्रसिद्ध असलेला कोडगू जिल्हा. तिथले अज्जमाडा बोपय्या देवय्या हे हवाई दलात वैमानिक होते. ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पंजाबातील आदमपूर तळावरून आपली मिस्टेअर जातीची विमाने पाकिस्तानच्या सरगोधा या मोठ्या हवाई तळावर हल्ला करायला निघाली. देवय्यांचे नाव मूळ तुकडीत नव्हते, ते राखीव होते. ऐन वेळी जागा मोकळी झाली आणि ते निघाले.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानचे एक स्टारफायटर विमान त्यांच्या मागे लागले. स्टारफायटर म्हणजे अमेरिकेने दिलेले, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान. त्याच्यापुढे मिस्टेअर म्हणजे मोटारीपुढे सायकल. देवय्यांच्या विमानाला मार बसला होता. तरी ते वळले आणि भिडले. त्या झुंजीत स्टारफायटर पडले, त्याचा वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला. देवय्या मात्र परत आले नाहीत.

बाकीची विमाने तळाकडे निघून गेली होती. ही झुंज आपल्यापैकी कुणी पाहिली नाही. जो पाहणारा होता तो शत्रूकडचा, आणि जो करणारा होता तो गेला. आदमपूरच्या कागदावर एवढेच उरले की देवय्या बेपत्ता. घरच्यांना याहून अधिक काय कळणार?

पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पाकिस्तानच्या बाजूने मिळालेल्या माहितीवर लिहिलेले होते. त्यात एका भारतीय मिस्टेअरने मार खाऊनही उलटून झुंज दिली आणि स्टारफायटर पाडले, हा प्रसंग आला. मग आपल्याकडे हिशोब जुळवण्यात आला. त्या पहाटेच्या हल्ल्यातून कोणते मिस्टेअर परत आले नाही? देवय्यांचे. त्या हल्ल्याचे नेतृत्व करणारे तनेजा यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. १९८८ साली स्क्वाड्रन लीडर देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले आणि त्यांच्या पत्नीने ते स्वीकारले. झुंजीनंतर २३ वर्षांनी!

विचार करण्यासारखी बाब आहे. आपल्या वीराच्या पराक्रमाचा पुरावा शत्रूच्या दप्तरात सापडला. तो वैमानिक वाचला नसता, ते पुस्तक निघाले नसते, तर देवय्या आजही 'बेपत्ता' या एका शब्दात राहिले असते.

उशिरा मिळून काय उपयोग?

काही सभासद विचारतील, इतक्या वर्षांनी पदक मिळून काय उपयोग? तारुण्य गेले, काही ठिकाणी तर माणूसच गेला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सरळ उत्तर असे की गेलेले परत येत नाही. उशिरा तुटलेल्या उसाचे वजन घटलेले असते, उतारा पडलेला असतो, ते नुकसान कुणीही भरून देत नाही. पेटकरांना १९७२ मध्येच मान मिळाला असता तर पायांनी अधू असलेली किती पोरे त्यांच्याकडे पाहून पाण्यात उतरली असती, मैदानात उतरली असती! ती एक पिढी हातची गेली. देवय्यांच्या घरी इतकी वर्षे जी माहिती पोचली नाही, त्या वर्षांची भरपाई कशाने करायची?

पण म्हणून नोंदच करू नये असे कोणी म्हणेल काय? आमच्या मते उशिराच्या नोंदीने दोन गोष्टी निश्चित होतात. एक, घरच्या माणसांना खरे काय घडले ते कळते. 'बेपत्ता' आणि 'लढता लढता गेला' यांत केवढे अंतर आहे ते ज्या घरातला माणूस गेला त्यालाच विचारावे. दुसरी, मागून येणाऱ्या पोरांना आपल्याच मातीतला दाखला मिळतो. पेठचा माणूस हे करतो, मग आपण का नाही, हा विचार शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त काम करतो.

आणखी एक. या दोन्ही हकीकतींत दखल घेतली गेली ती आपोआप नव्हे. कोणीतरी चिकाटी धरली, कागद शोधले, लिहून कळवले, पुन्हा कळवले. सरकारचे दप्तर मोठे असते, त्यात आपल्या माणसाचे पान कोणी उघडून दाखवल्याशिवाय उघडत नाही. बैलगाडीचा जमाना असो की मोबाइलवर ऊस नोंदणीचा, हा नियम बदललेला नाही.

आपल्या गावात काय करता येईल

आम्ही लागण पाहायला, खोडव्याची पाहणी करायला वाड्या-वस्त्यांवर फिरतो. बांधावर बसले की गप्पा निघतात. एखादा म्हातारा सहज बोलून जातो, आमचा थोरला एकाहत्तरला पूर्वेकडे होता, किंवा आमचे आजे इटलीत लढले. पुढे विचारावे तर माहिती संपते. कोणती पलटण? ठाऊक नाही. कोणत्या साली? ठाऊक नाही. पदके होती, पोरांनी खेळायला घेतली. शिपाई गड्याला स्वतःच्या तोंडाने सांगायची सवय नसते. घरच्यांनी विचारलेले नसते, आणि एक दिवस विचारायला माणूसच राहत नाही.

म्हणून सभासदांना आमचे पुढील सांगणे आहे.

१) घरातील जुनी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, जुनी पत्रे, पलटणीतला फोटो, जे असेल ते एका पिशवीत नीट ठेवा. कागद विरायला लागले असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढा. डिस्चार्ज बुकावर सैनिक क्रमांक असतो. उसाच्या पावतीवर जसा सभासद क्रमांक, तसा हा. तो मिळाला की पुढचा शोध सोपा होतो.

२) पदके असतील तर भंगारात घालू नका. १९६५ च्या लढाईसाठी 'समर सेवा स्टार' आणि 'रक्षा पदक', १९७१ साठी 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम पदक' अशी पदके होती. दुसऱ्या महायुद्धातील आजोबांची असतील तर 'बर्मा स्टार', 'आफ्रिका स्टार', 'इटली स्टार' अशी नावे इंग्रजीत दिसतील. पदकाच्या नावावरूनच माणूस कोणत्या आघाडीवर होता याचा अंदाज येतो. स्वातंत्र्यानंतरच्या बऱ्याच पदकांच्या कडेवर क्रमांक व नाव कोरलेले असते. भिंग लावून पाहा.

३) माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसा. नातवंडांनी वही घ्यावी किंवा मोबाइलवर आवाज भरून घ्यावा. साल, ठिकाण, साहेबाचे नाव, बरोबरच्या जोडीदारांची नावे विचारावीत. एका बैठकीत सगळे निघणार नाही. दोन-चार वेळा बसावे लागेल. माणूस गेला असेल आणि वीरपत्नी हयात असेल, तर त्या माउलीला विचारा. तिला जे ठाऊक असते ते कोणत्याही दप्तरात नसते.

४) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपल्या माजी सैनिकाची किंवा वीरपत्नीची नोंद आहे काय, याची खात्री करा. सेवेची माहिती ज्या त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. पत्र लिहिताना सैनिक क्रमांक, पूर्ण नाव, गाव व तालुका स्पष्ट अक्षरात घाला.

५) गावची एक यादी करा. सातारा तालुक्यातील आपशिंगे गाव 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते, आणि त्या गावाने आपल्या शिपायांची आठवण जपली आहे. दिल्लीत फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. दिल्लीला हे जमले, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपल्या वीस-पंचवीस जणांची नावे लिहायला काय अवघड आहे?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. अशी नोंद केली म्हणजे पदक मिळेलच, पेन्शन वाढेलच, असे आम्ही मुळीच सांगत नाही. तशी आशा दाखवून पैसे काढणारे एजंटही असतात, त्यांच्यापासून सांभाळून राहा. शौर्यपदके पुराव्यावर मिळतात आणि फार जुन्या प्रकरणांत ती मिळणे कठीण असते. आपण करायचे ते एवढेच, की खरी माहिती नाहीशी होऊ द्यायची नाही.

दुसरी गोष्ट. "आमच्या आज्याने कुठे मोठा पराक्रम केला? तो तर गाडी चालवत होता," असे म्हणू नका. पेटकर हे गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातलेच होते. देवय्या राखीव होते. लढाईत कुणाची वेळ कधी येते, ते सांगता येत नाही. बर्फात रेशन पोचवणारा, गोळीबारात तार जोडणारा, जखमी जोडीदाराला खांद्यावर घेणारा, यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. पण त्यांच्यावाचून कोणतीही आघाडी एक दिवस टिकत नाही. कारखान्यात तरी काय? गव्हाणीत मोळी टाकणाऱ्याचे नाव साखरेच्या पोत्यावर नसते.

शेतकी खात्यातर्फे आम्ही एवढे करू शकतो. यंदा लागणीच्या नोंदीसाठी आमचे कर्मचारी आपल्या दारी येतील, तेव्हा घरातील माजी सैनिकाचे किंवा शहीद जवानाचे नाव, पलटण, सैनिक क्रमांक आणि जी हकीकत ठाऊक असेल ती त्यांच्याजवळ लिहून द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची आमचा माणूस उतरवून घेईल. गटवार यादी तयार झाली की तिची एक प्रत गट ऑफिसात राहील आणि एक त्या त्या ग्रामपंचायतीकडे देऊ. नोंद चुकू नये म्हणून गावातील दोन जाणत्या माणसांनी ती वाचून पाहावी.

आडसाली लागणीची नोंद जुलै-ऑगस्टमध्ये असते. या यादीला मात्र हंगाम नाही. ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या बाबतीत आपण एक वर्ष थांबायचे म्हटले तरी ते जास्त होते. तेव्हा हा अंक वाचून झाला की बाजूला ठेवा आणि आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फौजी आबांना हाक मारून विचारा, "आबा, तुमची पलटण कोणती?"